टोकियोचा मासा, ससून डॉकचा बर्फ

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला नोकरीत बढती मिळाली आणि त्या आनंदात ती मला दक्षिण मुंबईत नुकत्याच सुरू झालेल्या एका उंची सुशीगृहात जेवायला घेऊन गेली. जागा लहानच होती. फिकट लाकडाचा एक लांब ओटा, अलीकडे दहा खुर्च्या, पलीकडे पांढऱ्या अंगरख्यातला आचारी आणि त्याचा एक मदतनीस. पदार्थांची यादी नाही. 'ओमाकासे', म्हणजे 'तुमच्यावर सोपवले', असे म्हणून बसायचे आणि आचारी जे समोर ठेवील ते खायचे, अशी तिथली रीत. एकेक करून येणारे पंधरा घास आणि त्यांची किंमत माणशी नऊ हजार रुपये, कर वेगळा. "मामा, तू बिलाकडे बघायचंच नाहीस," असे भाचीने टॅक्सीतच बजावले होते. त्यामुळे मी ओट्याकडे बघत बसलो आणि बघण्यासारखे तिथे पुष्कळ होते. आचारी बोटे पाण्यात बुडवून झटकायचा, झाकणाच्या लाकडी डब्यातून एकाच उचलीत नेमका हवा तेवढा भात घ्यायचा, दुसऱ्या हातातल्या माशाच्या कापावर वासाबीचे, म्हणजे झणझणीत हिरव्या जपानी चटणीचे, बोट फिरवायचा आणि दोन-तीन दाबांत घास तयार करून समोर ठेवायचा. भात अंगाच्या उबेइतका कोमट, वरचा मासा गार, आणि तोंडात गेल्यावर शितन् शीत सुटे होणारे. हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाचे असते, त्याची किंमत कोणी मागितली तर ती द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चौथ्या की पाचव्या घासाला वाढपी वाकून अभिमानाने म्हणाला, "सर, हा टूना आज सकाळीच टोकियोहून आलाय. एकदम फ्रेश." भाचीने डोळे मोठे केले. मी घास खाल्ला. तो उत्तम होता. जेवण आटोपून आम्ही गाडीची वाट बघत रस्त्यावर उभे राहिलो, तेव्हा कुलाब्याकडून आलेल्या वाऱ्याबरोबर मासळीचा ओळखीचा वास आला. ससून डॉक तिथून फार तर दीड-दोन किलोमीटरवर होता.

अशा भोजनगृहांवर आपल्याकडे जी टीका होते ती बहुधा पैशांवरून होते. एवढ्या पैशांत एखादे घर महिनाभर मासे खाईल, कच्चा मासा खायला एवढे पैसे कशाला, हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत, अशी ती टीका असते. तिच्यात तथ्य नाही असे नाही, पण ती मला आळशी वाटते. मुंबईत सुशी काही काल आलेली नाही. ताजमहाल पॅलेस हॉटेलात जपानी आचारी मोरिमोतो यांचे 'वासाबी' हे भोजनगृह २००४ साली सुरू झाले, आणि आता तर पुण्यातल्या मॉलमध्ये आणि पणजीतल्या कॅफेतही अ‍ॅव्होकाडोचे रोल मिळतात, जैन सुशी मिळते. ज्याला परवडते त्याने खावे. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. समुद्राला खेटून वसलेल्या, कोळ्यांनी वसवलेल्या या शहरातल्या उत्तम मासळीगृहाला मासा टोकियोहून आणावा का लागतो? आणि त्याचे उत्तर 'तिथला मासा चांगला, इथला वाईट' असे जर नसेल, तर मग ते काय आहे?

आधी त्या वाढप्याच्या 'फ्रेश'चे बघू. सुशीतला मासा ताजा असतो, हा आपला गोड गैरसमज आहे आणि सुशी विकणारे तो जपतात. खोल समुद्रात पकडलेला टूना बहुतेक वेळा जहाजावरच उणे साठ अंशांपर्यंत गोठवला जातो आणि महिनोन्‌महिने तसा राहू शकतो. न गोठवलेला मोठा मासाही जाणकार आचारी लगेच वाढत नाही. तो कापडात गुंडाळून काही दिवस थंडाव्यात मुरवतो, कारण मेल्यावर हळूहळू उतरणारी चव त्याला हवी असते. परजीवी जंतांच्या भीतीने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कच्चा खायच्या माशासाठी उणे वीस अंशांत सात दिवस, किंवा उणे पस्तीसला घट्ट गोठवून पंधरा तास, अशी शिफारस केली आहे. युरोपातही असाच नियम आहे. म्हणजे त्या नऊ हजारांत आम्ही ताजेपणा विकत घेत नव्हतो. मासा पाण्याबाहेर आल्या क्षणापासून आमच्या जिभेवर येईपर्यंत त्याची थंडी एकदाही तुटली नाही याची खात्री, आणि ती खात्री कागदावर लिहिणारी माणसे, यांची किंमत आम्ही मोजत होतो. विमानभाडे त्यानंतरचे.

आता या पदार्थाचा जन्म बघितला तर आणखी एक गंमत दिसते. सुशीचे सर्वांत जुने रूप म्हणजे मीठ लावलेला मासा भातात दडपून महिनोन्‌महिने आंबवणे. भात टाकून द्यायचा आणि मासा खायचा. बिवा सरोवराकाठी 'फुनाझुशी' आजही तशी करतात, आणि तिचा वास आपल्या सुकटीच्या पिशवीला लाजवणारा असतो म्हणे. आज आपण जिला सुशी म्हणतो ती, व्हिनेगर घातलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, एदो म्हणजे आजच्या टोकियोतली गाडीवरची वस्तू. हानाया योहेई याचे नाव तिच्याशी जोडले जाते. हमाल, सुतार, कारागीर उभ्याउभ्या खाऊन पुढे जायचे. घासही आजच्या दुपटीहून मोठा असे, पोट भरायचे असे. थोडक्यात, एदोचा तो वडापाव होता. या शैलीचे नावच 'एदोमाए', म्हणजे 'एदोच्या समोरचे': शहरासमोरच्या खाडीत जे मिळेल ते. आणि बर्फ नव्हता म्हणूनच तिची सगळी विद्या निर्माण झाली. बांगड्याच्या कुळातला 'साबा' आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये ठेवायचा, टूना सोया सॉसमध्ये बुडवायचा, सागरी वाम शिजवूनच वाढायचा. कोकमाचे आगळ, चिंच, गोव्याच्या माडाच्या व्हिनेगरमधला रेशाद मसाला, खारवलेला बांगडा, हे सगळे त्याच अडचणीतून सुचलेले इलाज आहेत. उकाड्याच्या किनाऱ्यावरची माणसे माशाशी आंबट आणि खारट भाषेतच बोलत आली.

तेव्हा समोरच्या खाडीतले खाणे हा ज्या पदार्थाचा मूळ धर्म, तोच मुंबईत सात हजार किलोमीटरवरून मागवला जातो. अर्थात मी शुद्धतेचा आग्रह धरत नाही. टोकियोच्या खाडीलाही औद्योगिक भरभराटीच्या काळात गटाराची कळा आली होती आणि आज तिथल्या ओट्यावरचा मासाही जगभरातून येतो. सामन (सॅल्मन) मासा तर जपानी लोक जंतांच्या भीतीने कच्चा खातच नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवलेला आपला सामन विकण्यासाठी चिकाटीने मोहीम चालवली आणि आज ती नारिंगी पट्टी सुशीची ओळख झाली आहे. परंपरा विकत घेता येते, विकताही येते. प्रश्न परंपरेचा नाहीच. खाडी गेली तरी टोकियोत खात्री टिकली, ती कशाच्या जोरावर, हा आहे.

त्याचे उत्तर आचाऱ्याच्या सुरीत सापडत नाही, ते बाजारात सापडते. ज्या तोयोसू बाजारातून तो टूना आला, तो कोणा बड्या कंपनीचा नाही. टोकियो महानगर सरकारचा, म्हणजे सार्वजनिक बाजार आहे. १९१८ साली तांदूळ महागला म्हणून जपानभर दंगली झाल्या, आणि गरिबाच्या ताटातले अन्न दलालांच्या मर्जीवर राहू नये या विचाराने १९२३ च्या मार्चमध्ये मध्यवर्ती घाऊक बाजारांचा कायदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोठा भूकंप झाला आणि निहोनबाशीचा जुना, खासगी मासळीबाजार जळून गेला. त्यातून त्सुकिजीचा बाजार उभा राहिला, तो १९३५ साली उघडला. पुढे तो जुना आणि अपुरा झाला, तेव्हा तोयोसूला नवा बाजार बांधला. पण ती जागा पूर्वी वायूच्या कारखान्याची, जमिनीत बेंझीन सापडलेले, म्हणून राज्यपाल युरिको कोइके यांनी २०१६ मध्ये स्थलांतर थांबवले, आणि शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये बाजार हलला. त्सुकिजी उघड्यावर होता, तोयोसू बंदिस्त आहे आणि लिलावाच्या दालनातले तापमान नियंत्रित असते. जानेवारी २०१९ मध्ये तिथे २७८ किलोंचा, ब्लूफिन या मोठ्या जातीचा एक टूना ३३ कोटी ३६ लाख येनला विकला गेला, ही बातमी जगभर गाजली. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की ज्या लाद्यांवर तो त्या वेळचा विक्रमी मासा ठेवला होता, त्याच बाजारातून गल्लीतल्या मासेवाल्याकडचा स्वस्त बांगडाही जातो. चैनीचा मासा सार्वजनिक सोयीच्या पाठीवर बसून आला आहे. आपण मात्र चैन आयात केली आणि सोय तिकडेच राहू दिली.

ससून डॉक १८७५ साली बांधला गेला. मी तिथे गेली पंधरा-वीस वर्षे अधूनमधून जातो, बहुधा पावसाळी बंदी उठून नारळी पौर्णिमा झाली की. पहाटे पाचची वेळ पकडावी. ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात, खलाशी पाट्या हातोहात वर फेकतात, खालचा माणूस त्या हवेतच झेलतो; असे कसब सुशीगृहातल्या आचाऱ्याने बघावे. वर धक्क्यावर मासळीचे ढीग ओतले जातात, तेही सरळ ओल्या काँक्रीटवर. बाया उकिडव्या बसून कोळंबी सोलत असतात. कुठे बर्फाच्या लाद्या यंत्रात फोडून फावड्याने ओढल्या जातात, कुठे बर्फ नावालाही नसतो. लिलाव तोंडी चालतो. बोली लावणारी कोळीण माशाचा कल्ला उचलून आतली लाली बघते, डोळा बघते, अंगठ्याने पोट दाबते आणि दोन सेकंदांत भाव ठरवते. तिचा अंदाज फार क्वचित चुकतो. पण हा अंदाज माशाच्या आजच्या अवस्थेचा असतो. बोटीच्या पोटात आठ-दहा दिवस बर्फाखाली राहिलेला मासा आणि कालच पकडून दिवसभर उन्हात डेकवर पडलेला मासा यांच्यात फरक असतो, पण तो कल्ल्यात नेहमी दिसतोच असे नाही.

इथेच खरी मेख आहे. उष्ण हवेच्या प्रदेशात मासा नीट राखायचा तर साधारण त्याच्या वजनाइतका बर्फ लागतो, असा मत्स्यतंत्रज्ञानाचा साधा ठोकताळा आहे. तो बर्फ तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, विकत घ्यायचा, बोटीत जागा अडवून न्यायचा, आणि परत आल्यावर त्याला भाव मात्र बर्फ न नेलेल्याइतकाच मिळायचा. मग तो कशाला नेईल? आपल्या बाजारात थंडी दिसत नाही, म्हणून थंडीला किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून थंडी नाही. सुशीगृहाने हे चक्र स्वतःपुरते तोडले आहे. त्याला ज्या पेटीबरोबर नोंद येते तीच पेटी तो घेतो आणि त्याचे दाम मोजतो. आपल्याकडच्या गेदराचे, म्हणजे कुप्याचे बघा. तोही टूनाच्याच कुळातला. तो ब्लूफिन नव्हे, लहान जातीचा आणि गडद मांसाचा आहे, हे मान्य. पण सुरमईच्या शेजारी तो पडेल भावाने विकला जातो याचे कारण फक्त चव नाही. हा मासा लवकर खराब होतो, आणि आपण त्याला लवकर खराब होऊ देतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की आम्ही काही मासा कच्चा खात नाही. हळद, मीठ, आगळ लावून तळतो, खोबऱ्याच्या वाटणात उकळतो; जंतू असतील ते मरतात. हे उत्तर मीही अनेक वर्षे दिले. ते चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला माहीत असायला हवे. बांगडा, सुरमई, गेदर हे सगळे एकाच कुळातले मासे. त्यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा गार राहिला नाही तर त्यातले जीवाणू हिस्टिडिनपासून हिस्टामिन तयार करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून जात नाही, उकळून जात नाही, नंतर गोठवूनही जात नाही. जीवाणू मरतात, त्यांनी केलेले विष राहते. मग बांगडा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगाला खाज सुटते, धडधडते. आपल्या घरांत याला 'पित्त उठले' म्हणतात. 'बांगडा उष्ण', 'मला बांगडा बाधतो', 'आमच्या हिला सुरमई चालत नाही' ही वाक्ये मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. काहींना खरोखरच माशाची अ‍ॅलर्जी असते. पण कित्येकांच्या बाबतीत दोष त्या माणसाचाही नसेल आणि बांगड्याचाही नसेल. दुपारी बारा वाजता बर्फाविना फडक्यावर पडलेल्या पाटीचा असेल. आपण एका अख्ख्या माशाला उष्ण ठरवून मोकळे झालो आणि तो खरोखरच उष्ण होता, म्हणजे गार ठेवला नव्हता, हे आपल्या लक्षात आले नाही.

म्हणून थंडीची साखळी ही कच्चा मासा खाणाऱ्यांची गरज आहे, असे मानणे बरोबर नाही. ज्याला शंभर-दोनशे रुपयांचा बांगडाच परवडतो, त्याला तिची गरज जास्त आहे. सुशीगृहातल्या गिऱ्हाईकाने आपली थंडी विकत घेतली आहे, त्याची काळजी कोणी करू नये.

आणि हे आपल्याला जमत नाही, असे तर मुळीच नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीवर बंदी घातली, कारण त्यांच्या निरीक्षकांना आपल्या प्रक्रिया कारखान्यांतल्या स्वच्छतेत गंभीर दोष आढळले होते. आरडाओरडा झाला, पण कारखाने बदलले. फरश्या बदलल्या, पाणी तपासले जाऊ लागले, प्रत्येक टप्प्याच्या तापमानाची नोंद होऊ लागली, आणि काही महिन्यांतच मान्यताप्राप्त कारखान्यांपुरती बंदी उठू लागली. २०२३-२४ मध्ये भारताने १७.८ लाख टनांहून अधिक सागरी उत्पादने निर्यात केली, त्यांचे मोल साठ हजार कोटी रुपयांच्या वर होते. रत्नागिरीची गद्रे मरीन नव्वदच्या दशकापासून राणी माशासारख्या स्वस्त मासळीपासून सुरिमी बनवते, म्हणजे धुऊन, वाटून, गोठवलेला माशाचा लगदा. त्या लगद्यापासून खेकड्याच्या कांड्या होतात आणि त्या कांड्या कॅलिफोर्निया रोल नावाच्या सुशीच्या मधोमध बसतात. मुंबईतल्या मध्यम भावाच्या सुशीत जो 'खेकडा' असतो, तो कदाचित रत्नागिरीचा राणी मासा असेल! म्हणजे कोकणातला मासा सुशीत पोचला आहे, पण परदेशी गिऱ्हाइकाच्या नियमांचे बोट धरून. परदेशी गिऱ्हाइकाला नाही म्हणता येते, त्याच्या निरीक्षकाला दार उघडावे लागते. दादरच्या बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणायला पर्याय नसतो. एकाच समुद्रातल्या मासळीला दोन कायदे लागू आहेत, एक विमानाने जाणाऱ्या मासळीला आणि एक पाटीतून जाणाऱ्या मासळीला, आणि हा भेद आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की त्याचा रागही येत नाही.

विश्वास एकदा गेला की काय होते, हे २०१८ च्या जुलैमध्ये गोव्याने पाहिले. परराज्यातून येणाऱ्या मासळीत फॉर्मलिन हे नासू न देणारे विषारी रसायन असल्याच्या संशयाने गोंधळ उडाला, सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर तात्पुरती बंदी घातली, आणि हुमणाशिवाय ज्यांचे जेवण होत नाही अशा घरांनी काही काळ मासे बंद केले. फॉर्मलिन हा गुन्हाच, पण तो कोणाला का सुचतो याचाही विचार करावा. ज्या बाजारात बर्फाला दाम नाही आणि डोळ्याच्या चकाकीला दाम आहे, तिथे चकाकी टिकवणारे रसायन बर्फापेक्षा स्वस्त पडते.

मग करायचे काय? पैसा अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आकार २०,०५० कोटींचा आहे. तिच्यात बर्फ कारखान्यांना, शीतवाहनांना, दुचाकीवरच्या शीतपेट्यांनासुद्धा मदत आहे. मच्छीमार संस्थांना डिझेलवरच्या कराचा परतावा राज्य सरकार देते. पण साखळीचा मालक कोणीच नाही. ससून डॉकची जागा मुंबई बंदर प्राधिकरणाची, मासेमारीचा कारभार राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे, किरकोळ बाजार महापालिकेचे, अन्नाची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि शहराचे सांडपाणी ज्या खाड्यांत जाते त्या खाड्या कोणाच्या ते देव जाणे. प्रत्येकाच्या हद्दीत कडी ठीक असेल, पण ती तुटते ती दोन हद्दींच्या मधे: डेकवरून धक्क्यावर, धक्क्यावरून टेम्पोत, टेम्पोतून पाटीत. तोयोसूला एका महानगर सरकारने सगळे एका छपराखाली घेतले, यात जपानी शिस्तीचा काही गूढ चमत्कार नाही. जबाबदारी कोणाची, हे तिथे ठरलेले आहे.

माझी मागणी काचेच्या इमारतीची नाही. उतरत्या मासळीसाठी धक्क्यावर स्वच्छ गोडे पाणी, जमिनीपासून उंच ओटे, मीटरवर मोजून माफक दरात मिळणारा बर्फ, आणि लिलावाआधी प्रत्येक ढिगात एकदा तापमापक खुपसून फळ्यावर खडूने लिहिलेला आकडा, एवढ्याने सुरुवात होईल. आकडा दिसला की भाव आपोआप वेगळा होऊ लागेल, कारण बोली लावणाऱ्या बाया हिशेबाला कोणालाही ऐकत नाहीत. मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था वर्सोव्यालाच आहे. ज्ञानासाठी विमान पकडायची गरज नाही.

मला एक धास्ती मात्र वाटते, आणि ती सांगितल्याशिवाय हा युक्तिवाद प्रामाणिक होणार नाही. आपल्याकडे 'आधुनिकीकरण' हा शब्द उच्चारला की पहिली उचलबांगडी पाटीवालीची होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज मंडईची इमारत धोकादायक ठरली, तेव्हा घाऊक मासळीबाजार पार ऐरोलीला नेण्याची भाषा झाली आणि कोळी बायांना रस्त्यावर उतरावे लागले. स्वच्छतेचे नाव पुढे करून समुद्राकाठची मोक्याची जमीन रिकामी करून घ्यायची आणि मग तिथे एखादे सुशीगृह यायचे, हे या शहरात अशक्य नाही. तसे होणार असेल तर ओले काँक्रीट परवडले. बाजारातली खात्री वाढवायची ती बाजार चालवणाऱ्या बायांच्या हातून, त्यांच्या जागेवर. त्यांना हटवून केलेली स्वच्छता गिऱ्हाइकासाठी नसते, जमिनीसाठी असते.

आणि हेही मान्य करतो की उद्या हे सगळे झाले तरी मुंबईच्या किनाऱ्यालगतचा मासा कच्चा खावा, असे मी कोणाला सांगणार नाही. प्रक्रिया न केलेले सांडपाणी जोवर माहीमच्या आणि मालाडच्या खाडीत उतरते आहे, तोवर 'मुंबईच्या समोरचे' अशी शैली निघणे नाही. खोल समुद्रातला टूना, नीट खारवून आंबवलेला बांगडा इथल्या एखाद्या आचाऱ्याने ओट्यावर ठेवला तर मी पहिल्या रांगेत बसेन, पण तो दुय्यम आनंद झाला. सुशीगृहाला स्थानिक मासा मिळावा म्हणून धक्का सुधारावा, असे माझे म्हणणे नाही. धक्का सुधारावा तो घरच्या तव्यासाठी. मग सुशीगृहवाल्याला विमानाची गरज उरली नाही, तर ती त्याची बचत.

त्या जेवणानंतरच्या रविवारी मी औषधांच्या दुकानातून नव्हे, बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानातून सुईचा एक तापमापक आणला आणि तो खिशात घालून नेहमीच्या बाजारात गेलो. माझ्या ओळखीच्या कोळीण मावशींची पाटी दोन थरांची असते. खाली थर्माकोलच्या पेटीत बर्फातले बांगडे, वर गिऱ्हाइकाला दिसावेत म्हणून फळीवर मांडलेले. त्यांना विचारून सुई टोचली. खालच्या बांगड्यात तीन अंश, वरच्यात एकवीस. मी आकडे सांगितले तेव्हा त्या हसल्या. "ते मला हाताला कळतं रे," त्या म्हणाल्या. मी विचारले, मग सगळेच बर्फात का ठेवत नाही? "लादी काय फुकट येते? आणि बर्फात ठेवला तर दिसतो का कोणाला? बर्फ घातला म्हणून तू मला दहा रुपये जास्त देणार आहेस काय?" मी सहा बांगडे घेतले, खालच्या थरातले. भाव त्यांनी वरच्या थराचाच लावला.